विश्लेषण : कॅनडा-डेन्मार्कने वाटून घेतलेले बेट ज्याच्या नावाचे, तो हान्स हेन्ड्रिक कोण होता?

१४ जून २०२२ रोजी कॅनडा आणि डेन्मार्क यांनी एका उजाड खडकाची वाटणी केली. ग्रीनलँड आणि कॅनडाचे एल्समीअर बेट यांच्या बरोबर मध्ये असलेला हा खडक म्हणजे हान्स बेट. क्षेत्रफळ जेमतेम १.३ चौरस किलोमीटर. माणसांची वस्ती नाही, झाड नाही. तरीही १९७३ पासून दोन्ही देश त्यावर हक्क सांगत होते. डेन्मार्कची माणसे आली की झेंडा लावून स्नॅप्सची बाटली ठेवायची आणि कॅनडाची माणसे आली की व्हिस्कीची. जगभरच्या माध्यमांनी या गमतीदार वादाला व्हिस्की युद्ध म्हटले. बाटल्यांची चर्चा भरपूर झाली, पण ज्याच्या नावाने हे बेट ओळखले जाते तो हान्स त्या चर्चेत फारसा आलाच नाही. तो ना दर्यावर्दी कप्तान होता, ना कुठला राजपुत्र. तो शिकारी आणि वाटाड्या होता.

हान्स घरातून बाहेर कसा पडला?

हान्स हेन्ड्रिकचा जन्म १८३४ च्या सुमारास दक्षिण-पश्चिम ग्रीनलँडमधल्या फिस्केनेसेट या वस्तीत झाला. त्याचे इनुइट नाव सुएर्साक. १८५३ मध्ये अमेरिकी डॉक्टर एलिशा केंट केन याचे ॲडव्हान्स हे जहाज तिथे थांबले. बेपत्ता झालेल्या ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिनचा शोध घेत केनला शक्य तितके उत्तरेला जायचे होते. त्याला शिकारी हवा होता आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या हान्सचा भाल्याचा नेम पक्का होता. पगार बेताचाच ठरला. त्याशिवाय हान्सच्या आईला पावाची दोन पिंपे आणि सुमारे २४ किलो डुकराचे मांस, तर हान्सला एक रायफल आणि नवी कयाक मिळाली. कयाक म्हणजे कातड्याने मढवलेली एका माणसाची अरुंद होडी.

ग्रीनलँडचा म्हणजे त्याला ध्रुवीय रात्र ठाऊक असणार, असे आपल्याला वाटेल. तसे नव्हते. फिस्केनेसेट ६३ अंश उत्तरेला आहे, तिथे डिसेंबरातही सूर्य थोडा वेळ का होईना दिसतो. केनचे जहाज अडकले ते ७८ अंशांच्याही पुढे. तिथे सूर्य जवळपास चार महिने उगवतच नाही. हा अंधार हान्सने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तो घाबरला, घरच्या आठवणीने रडला आणि एकदा तर सामान बांधून निघायलाही तयार झाला.

वाटाड्याचे रोजचे काम काय असे?

आज ध्रुवीय प्रदेशात पर्यटकांना अस्वले, वॉलरस, सील दाखवणारे गाइड असतात. हान्सचे कामही प्राणी शोधण्याचेच होते. फरक इतकाच, की प्राणी सापडला नाही तर मुक्कामावरची माणसे आजारी पडत.

कारण होते स्कर्व्ही. क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा हा आजार. खारवलेले मांस आणि वाळका पाव यांत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. काही महिन्यांत हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, पाय उचलत नाहीत. उत्तर ध्रुवाकडे भाजीपाला नाही, मग इनुइटांना स्कर्व्ही का होत नव्हता? कारण ते ताजे मांस आणि काळीज खात, तेही बऱ्याचदा कच्चे. त्यातून पुरेसे क जीवनसत्त्व मिळते. जीवनसत्त्व हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, पण ताजे मांस आले की माणूस उठून बसतो हे केनच्या जहाजावर दिसत होते. आणि ते मांस आणणाऱ्यांत हान्स पुढे होता.

सील मिळवणे म्हणजे मुख्यतः वाट पाहणे. समुद्र गोठला तरी सीलला श्वासासाठी वर यावे लागते. त्यासाठी तो नखांनी बर्फ खरवडून छोटी भोके उघडी ठेवतो. वर बर्फाचा पापुद्रा साचलेला असल्याने ती सहज दिसत नाहीत, कुत्रे वासाने शोधतात. मग शिकारी भोकाशी वाकून उभा राहतो, तासन् तास. पाय हलवायचा नाही, कारण बर्फावरचा आवाज पाण्यात लगेच पोहोचतो. खालून श्वासाचा आवाज आला की एकच वार. तो चुकला तर सील त्या भोकाकडे लवकर फिरकत नाही.

शिकारीशिवाय कुत्र्यांची स्लेज हाकायची, त्यांना खाऊ घालायचे आणि कुठला बर्फ वजन पेलेल ते ओळखायचे. जून १८५४ मध्ये हान्स आणि विल्यम मॉर्टन स्लेजवरून केनेडी चॅनलच्या किनाऱ्याने उत्तरेला गेले. वाटेत कुत्र्यांनी अस्वलीण आणि तिचे पिल्लू गाठले, दोन्ही मारली गेली. पुढे मॉर्टनला बर्फ नसलेले पाणी दिसले आणि ध्रुवाभोवती खुला समुद्र आहे, असा समज केनने करून घेतला. तो चुकीचा निघाला. आजचे हान्स बेट त्यांनी गाठलेल्या टोकाच्या थोडेसेच उत्तरेला आहे.

पळपुटा की जावई?

दुसऱ्या हिवाळ्यात केनची बहुतेक माणसे अंथरुणाला खिळली होती. १८५५ च्या वसंतात हान्स बुटांसाठी वॉलरसचे कातडे आणायला म्हणून गेला आणि परतलाच नाही. तिथल्या इनुइटांमधल्या मेर्कुट नावाच्या तरुणीशी त्याने लग्न केले. ज्याच्या शिकारीवर जहाज तगले, त्याची केनच्या लेखी नोंद झाली पळून गेलेला म्हणून.

पाच वर्षांनी, १८६० मध्ये, आयझॅक हेझ या केनच्याच जुन्या सहकाऱ्याला हान्स केप यॉर्कजवळ भेटला. हेझने त्याला बायको-मुलासह जहाजावर घेतले. त्या डिसेंबरात खगोलशास्त्रज्ञ ऑगस्ट सोन्टाग आणि हान्स नवे कुत्रे मिळवायला दक्षिणेला निघाले. पातळ बर्फ फुटून सोन्टाग पाण्यात पडला. हान्सने त्याला बाहेर काढले, पण ओल्या कपड्यांनी थंडी शरीरात भिनली होती. सोन्टाग वाचला नाही. परतलेल्या हान्सच्या हकिकतीवर हेझचा पुरता विश्वास बसला नाही आणि त्याने तो संशय पुस्तकात छापला. गुन्ह्याचा कोणताही पुरावा पुढे आला नाही. हेझचे पुस्तक १८६७ चे, हान्सची बाजू छापून आली ११ वर्षांनी. तोवर इंग्रजी वाचकांपुढे एकच बाजू होती.

हिमखंडावर १९७ दिवस

हान्सच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ पोलॅरिस मोहिमेत आला. १८७१ मध्ये चार्ल्स फ्रान्सिस हॉल ध्रुवाकडे निघाला तेव्हा हान्स मेर्कुट आणि तीन मुलांना घेऊन जहाजावर चढला. नोव्हेंबरात हॉलचा मृत्यू झाला. पुढच्या ऑगस्टमध्ये जहाजावरच मेर्कुटला मुलगा झाला, त्याचे नाव चार्ल्स पोलॅरिस ठेवले गेले.

१५ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री वादळात जहाज बुडेल या भीतीने सामान बर्फावर उतरवले जात होते. अचानक बर्फ फुटला आणि जहाज अंधारात दूर गेले. हिमखंडावर १९ जण उरले. त्यांतले नऊ इनुइट : हान्सचे सहा जणांचे कुटुंब, दुसरा शिकारी एबिएर्बिंग, त्याची पत्नी तुकुलितो आणि त्यांची दत्तक मुलगी. हान्सचे तान्हे बाळ तेव्हा दोन महिन्यांचे होते.

खंड दक्षिणेला वाहू लागला. बर्फाची घरे बांधली ती इनुइटांनी. कुत्रे मारून खाल्ले गेले. पाव अगदी मोजून मिळत होता. एबिएर्बिंग हा दोघांतला अधिक तरबेज शिकारी, पण हान्सही रोज बाहेर पडत होता. एकदा त्याला यायला उशीर झाला म्हणून शोधायला निघालेल्यांना अंधारात उंचवट्यांवरून काहीतरी चढताना दिसले. फरचे कपडे, अंगावर बर्फ. अस्वल समजून त्यांनी शस्त्र रोखले होते. तो हान्स होता.

त्याहून वाईट भीती छावणीच्या आतच होती. खलाशी सशस्त्र होते, उपाशी होते आणि कोणाचे ऐकत नव्हते. अन्न संपले तर आधी आपल्याला मारून खातील, अशी धास्ती इनुइट कुटुंबांना होती. एबिएर्बिंगने ती अधिकारी जॉर्ज टायसनला बोलून दाखवली. दोन बाप दिवसभर भोकाशी उभे राहून सील आणत होते, ज्यांच्यासाठी आणत होते त्यांच्याच भीतीखाली.

वसंतात खंड तुटत लहान होत गेला. एप्रिलमध्ये लाटा छावणीवरून जाऊ लागल्या, मुलांना होडीत बसवून मोठ्यांनी ती रात्रभर धरून ठेवली. ३० एप्रिल १८७३ रोजी लॅब्राडॉरजवळ धुक्यात टायग्रेस हे सील पकडणारे जहाज दिसले. हान्स कयाक घेऊन ओरडत त्याच्याकडे गेला. सुमारे २,९०० किलोमीटर वाहून आलेले १९ च्या १९ जण जिवंत होते, बाळासकट.

पुढे काय झाले?

दोनच वर्षांनी तो पुन्हा निघाला, यावेळी कुटुंबाला घरी ठेवून. जॉर्ज नेअर्सच्या ब्रिटिश मोहिमेत (१८७५-७६) तो डिस्कव्हरी जहाजावर होता. एकटेपण त्याला जड गेले. खलाशी आपल्याविषयी वाईट बोलतात असे वाटून तो हिवाळ्यात जहाज सोडून बर्फात निघून गेला, त्याला शोधून परत आणावे लागले. काही महिन्यांनी याच मोहिमेतली लेफ्टनंट ब्यूमाँटची तुकडी ग्रीनलँडच्या उत्तर किनाऱ्यावर स्कर्व्हीने कोसळली. मदतीला गेलेल्यांत हान्स होता. दोघे दगावले, उरलेल्यांना त्याने मारलेल्या सीलचे ताजे मांस मिळाले.

हान्सने आपल्या प्रवासांची हकिकत ग्रीनलँडच्या भाषेत स्वतः लिहिली. हेन्रिक रिंकने केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १८७८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. केन, हेझ, टायसन यांनी त्याच्याविषयी बरेवाईट लिहिलेच होते, आता सोन्टागच्या शेवटच्या रात्रीची हकिकत हान्सच्या बाजूनेही वाचता येऊ लागली. १८८३ मध्ये स्वीडिश मोहिमेबरोबर तो पुन्हा केप यॉर्कला गेला. १८८९ मध्ये गॉडहावन येथे त्याचा मृत्यू झाला.

त्या बेटाला इनुइट लोक तार्तुपालुक म्हणतात, कारण त्याचा आकार मूत्रपिंडासारखा आहे. २०२२ च्या करारात सीमा आखली गेली ती बेटावरच्या एका नैसर्गिक भेगेला धरून. त्या परिसरात शिकारीसाठी ये-जा करणाऱ्या इनुइटांची वाट मोकळी राहील, हेही करारात ठरले आहे.