जे. बी. एस. हॉल्डेन : आनुवंशशास्त्राचे लोकशिक्षक

जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्याचा रोग आपल्या समाजाला जुना आहे. विसाव्या शतकात युरोपात त्याच रोगाने विज्ञानाचा वेष धारण केला, तेव्हा आनुवंशशास्त्राच्याच आधारे त्यास विरोध करणाऱ्यांत जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन हे अग्रणी होते. म्हणूनच या स्मरणिकेत त्यांचा परिचय देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचा जन्म झाला. वडील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. विषारी वायूंवरील त्यांच्या प्रयोगांत हा मुलगा बालपणापासूनच साहाय्य करी. विज्ञानाची पदवी मात्र हॉल्डेन यांनी कधीच घेतली नाही. १९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीला गणिताची बैठक दिली. इंग्लंडच्या कारखानदारी भागात सुमारे ५० वर्षांत काळ्या पतंगांनी फिक्या पतंगांची जागा कशी घेतली, याचा हिशेब मांडून उत्क्रांतीचा वेग मोजता येतो हे त्यांनी दाखविले. १९३२ मध्ये त्यांचा ‘द कॉझेस ऑफ इव्होल्यूशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे ज्ञान श्रमिकांपर्यंत पोहोचावे म्हणून ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट वृत्तपत्रात त्यांनी सोप्या भाषेत शेकडो लेख लिहिले. १९३८ मधील ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या ग्रंथात त्यांनी वंशश्रेष्ठत्वाचे दावे व सक्तीची नसबंदी यांची चिकित्सा केली. रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधून उत्तर दिले होते, याचे येथे स्मरण होते.

हॉल्डेन यांचा दोषही आम्ही झाकत नाही. सोव्हिएत रशियात लायसेंकोने आनुवंशशास्त्राची गळचेपी केली, तेव्हा पक्षनिष्ठेपायी ते स्पष्ट निषेध करू शकले नाहीत. पुढे ते पक्षापासून दूर झाले. विचारवंतानेही आपली निष्ठा वारंवार तपासावी, हा धडा त्यातून मिळतो.

१९५७ मध्ये ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. वडिलांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेले हे जीवन असे विद्यार्थ्यांच्या अभ्यासमेजावर संपले. आमच्या वसतिगृहातील मुलामुलींनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे.