सांबरशिंग आणि जॉन हंटर

नववीत असताना आम्ही तिघे सुट्टीत भद्रावतीच्या पलीकडे रानात हिंडायला गेलो होतो. तिथे चितळाचे गळून पडलेले एक शिंग सापडले. सोमवारी ते मी मोठ्या ऐटीत वर्गात नेले. आपल्या जीवशास्त्राच्या सरांनी ते हातात घेऊन विचारले, गाईचे शिंग असे कधी गळून पडलेले पाहिले आहे का? मग त्यांनी सांगितले की चितळ-सांबराचे शिंग हे हाडच असते, ते दरवर्षी गळते आणि नव्याने उगवते. वाढत असताना त्यावर मखमलीसारखे मऊ कातडे असते, त्यात रक्त खेळत असते, हात लावला तर ते कोमट लागते. तास संपल्यावर, असे शिंग घरी ठेवणे गुन्हा आहे हे सांगून त्यांनी ते वनरक्षकाकडे पोहोचवायला लावले. सुजेवर उगाळून लावायला सांबरशिंग नाही तर चितळाचे तरी मिळाले, म्हणून आजी खूश झाली होती. ती सरांवर बरेच दिवस रुसून होती.

हे सगळे विसरलो होतो. तीन वर्षांपूर्वी छातीत दुखू लागले म्हणून नागपूरला अँजिओग्राफी झाली. पडद्यावर डॉक्टरांनी दाखवले की हृदयाची एक धमनी पूर्ण बंद आहे आणि ती बरीच आधीपासून बंद असावी. मग मी जिवंत कसा? शेजारच्या धमनीतून मुळ्यांसारख्या बारीक वाकड्या वाहिन्या निघून बंद जागेच्या पलीकडे रक्त पोहोचवत होत्या. हे माणसाला कळले कसे, असे मी विचारले तेव्हा डॉक्टरांनी जॉन हंटरचे नाव घेतले, आणि त्यासोबत हरणाच्या शिंगाची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी हंटरबद्दल मिळेल ते वाचून काढले. स्मरणिकेसाठी काही लिही म्हणालात, तर मला दुसरे काही सुचेना.

हंटरचा जन्म 1728 सालचा, स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी घरातला. दहा भावंडांत शेंडेफळ. शाळेत त्याचे मन रमले नाही, तेराव्या वर्षाच्या सुमारास ती सुटलीच. आपल्यापैकी काहींना हे ऐकून बरे वाटेल. वीस वर्षांचा असताना तो लंडनला थोरल्या भावाकडे गेला. हा भाऊ, विल्यम, शरीररचनेचे वर्ग चालवत असे. जॉनचे काम प्रेते चिरून विद्यार्थ्यांसाठी तयार करायचे. ती प्रेते बरीचशी थडग्यांतून चोरून आणलेली असत. अकरा-बारा हिवाळे त्याने हेच केले. रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून त्यांच्या फांद्या उलगडून दाखवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे सैन्यात शस्त्रवैद्य म्हणून काम, 1767 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1768 पासून सेंट जॉर्ज रुग्णालयात नेमणूक. देवीची लस देणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचाच विद्यार्थी.

1780 साली त्याने जाहीरपणे दावा केला की वारेत आई आणि बाळाच्या रक्तवाहिन्या वेगवेगळ्या असतात, हे आपण आधी दाखवले होते, पण श्रेय विल्यमने घेतले. दोघे भाऊ कायमचे तुटले. तीन वर्षांनी विल्यम वारला तेव्हा गावचे घर त्याने भाच्याच्या नावे केले, जॉनच्या नाही.

आता शिंगाची गोष्ट. 1785 साली लंडनजवळच्या रिचमंड पार्कमधल्या एका नराची, मानेतून शिंगाकडे रक्त नेणारी एका बाजूची धमनी हंटरने दोऱ्याने बांधली. अर्धवट वाढलेले शिंग गार पडले. ते आता गळेल, असे त्याला वाटले असावे. एक-दोन आठवड्यांनी पाहतो तर शिंग पुन्हा गरम! दोरा सुटला असावा म्हणून जनावर मारून, वाहिन्यांत रंग भरून पाहिले. दोरा जागच्या जागी होता. पण बांधलेल्या जागेच्या वरखाली असलेल्या बारीक फांद्या रुंदावून, एकमेकींना मिळून रक्त नेऊ लागल्या होत्या. आपल्या माजरी जंक्शनवरून समजून घ्यायचे तर, मेन लाइन बंद पडावी आणि वणीकडच्या ब्रँच लाइनला पंधरवड्यात आपोआप जादा रूळ फुटावेत, असा हा प्रकार. (ही कथा पुढच्या पिढीतल्या रिचर्ड ओवेनने सांगितलेली आहे आणि काही इतिहासकारांना तिची शंका येते. मला ती खरी असावीशी वाटते, पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.)

पुढची गोष्ट मात्र पक्की. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 45 वर्षांचा एक घोडागाडीवाला रुग्णालयात आला. गुडघ्यामागच्या धमनीला मोठा फुगा आला होता. तो फुटला की माणूस जातो, म्हणून तेव्हा बहुधा पायच कापत, आणि त्यातही बरेच दगावत. हंटरने फुग्याला हातच लावला नाही. वर मांडीत, जिथे धमनी निरोगी होती तिथे त्याने ती बांधली. पाय सडेल ही भीती होतीच. पाय सडला नाही. सुमारे सहा आठवड्यांनी तो माणूस चालत घरी गेला, पुन्हा गाडी हाकू लागला. 1787 च्या मार्चमध्ये तो तापाने वारला, तेव्हा हंटरने खटपट आणि खर्च करून तो पाय मिळवला आणि आतून तपासला. मांडीतल्या त्या वाटेला आजही हंटरचे नाव आहे.

असलेल्या बारीक वाहिन्या रुंदावणे आणि नव्या वाहिन्या फुटणे, या दोन गोष्टी आज वेगळ्या मानतात. दुसरीचा धागा पकडून 1971 साली बोस्टनच्या ज्युडा फोकमनने मांडले की कर्करोगाची गाठ वाढायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटाव्या लागतात, त्या रोखता आल्या तर गाठही रोखता येईल. अशी औषधे आता वापरात आहेत.

हंटर मला पूर्ण आवडला असे मात्र नाही. चार्ल्स बर्न नावाच्या अतिउंच आयरिश माणसाने आपल्याला समुद्रात पुरावे असे सांगून ठेवले होते. 1783 साली तो गेला. हंटरने पैसे चारून त्याचे प्रेत मिळवले आणि हाडांचा सांगाडा संग्रहात ठेवला. तो थेट आपल्या काळापर्यंत लोकांना दाखवला जात होता. 2023 मध्ये लंडनचे हंटर संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा तो प्रदर्शनातून काढला.

हंटरला स्वतःला 1773 पासून छातीत कळा येत. राग आला की त्या हटकून येत, आणि रागीट तर तो होताच. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्जमधल्या बैठकीत वाद झाला, तो शेजारच्या खोलीत गेला आणि कोसळला. मेव्हण्याने शवविच्छेदन केले, तेव्हा हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या निघाल्या. वीस वर्षे त्याचे हृदय कशावर चालले होते, हे त्या धमन्यांत मेण भरून पाहणारा हंटर आता नव्हता. रक्त आणि दाह यांवरचा त्याचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापून आला.

त्याची शवपेटी लंडनच्या एका चर्चच्या तळघरात ठेवली होती. 1859 साली ते तळघर रिकामे करायचे ठरले, तेव्हा फ्रँक बकलँड नावाच्या शस्त्रवैद्याने हजारो पेट्यांत कित्येक दिवस शोधून ती बाहेर काढली, आणि हंटरला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेऊन पुरले.