बॉस ट्वीड आणि न्यूयॉर्कचा हिशेब

न्यूयॉर्क नगरीच्या सिटी हॉलमागे काउंटी न्यायालयासाठी बांधलेली एक भव्य संगमरवरी इमारत आहे. १८६१ साली तिचे काम सुरू झाले तेव्हा खर्चाचा अंदाज अडीच लाख डॉलरचा होता. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर खर्ची पडले. १८६७ साली अमेरिकेने अख्खा अलास्का प्रांत रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. गिलाव्याच्या एका कंत्राटदाराला दोन दिवसांच्या कामाबद्दल १ लाख ३३ हजार डॉलर दिल्याची नोंद आहे. हा सारा व्यवहार ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो विल्यम ट्वीड भ्रष्टाचाराच्या इतिहासातील एक खलपुरुष मानला जातो. तो मान त्याला अवश्य द्यावा. पण तेवढ्याने त्याच्या चरित्राचा उलगडा होत नाही.

३ एप्रिल १८२३ रोजी मॅनहॅटनमधील चेरी स्ट्रीटवर, खुर्च्या बनविणाऱ्या एका कारागिराच्या घरी ट्वीडचा जन्म झाला. वडिलांचा धंदा शिकून त्याने हिशेबनिशीचेही शिक्षण घेतले. मात्र त्याचे खरे विद्यालय ठरले ते वस्तीतील स्वयंसेवकांचे अग्निशामक पथक. त्या काळी ही पथके म्हणजे राजकारणाचे आखाडेच होते. धिप्पाड बांध्याचा ट्वीड पथकाचा नायक झाला आणि तेथून १८५२ साली नगरपालिकेत आल्डरमन म्हणून पोहोचला. १८५३ ते १८५५ या काळात तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्येही बसला. पण तेथे त्याचे मन रमले नाही. सत्तेची खरी किल्ली आपल्या शहरातच आहे, हे त्याने ओळखले होते.

कारण ते शहर विलक्षण वेगाने वाढत होते. १८२५ साली एरी कालवा खुला झाला आणि देशाच्या अंतर्भागातील धान्याचा व्यापार न्यूयॉर्क बंदराकडे वळला. १८२० साली सव्वा लाखाच्या आत असलेली वस्ती १८६० साली आठ लाखांवर गेली. १८४५ नंतरच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक जहाजे भरभरून येत होते. १८६० साली शहरातील दर चार माणसांमागे एकाचा जन्म आयर्लंडमध्ये झालेला होता. या माणसांना काम, हिवाळ्यात कोळसा आणि पोलिसांनी धरले तर जामीन हवा होता. तो पुरविणारी शासनयंत्रणा मात्र नव्हती. जी होती तिचेही तुकडे पडलेले होते. राज्य विधिमंडळाने १८५७ साली पोलिस, १८६५ साली अग्निशमन आणि १८६६ साली आरोग्य ही खाती शहराच्या हातून काढून राज्याने नेमलेल्या मंडळांकडे सोपविली.

ही पोकळी टॅमनी हॉलने भरून काढली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेली ही संस्था एव्हाना डेमोक्रॅटिक पक्षाची शहरातील निवडणूक-यंत्रणा बनली होती. १८६३ पासून तिची सूत्रे ट्वीडच्या हाती आली. १८६८ साली एकाच वर्षात टॅमनीच्या न्यायाधीशांनी चाळीस हजारांवर परदेशीयांना नागरिकत्व बहाल केले. गरिबाने मत द्यावे, टॅमनीने नोकरी द्यावी, कंत्राटदाराने बिल फुगवावे आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा ट्वीडच्या कंपूला परत करावा, असे हे चक्र होते. महापौर ओकी हॉल, हिशेबखात्याचा प्रमुख रिचर्ड कॉनोली आणि पीटर स्वीनी हे त्यातील त्याचे साथीदार. विधिमंडळातील सभासदांना पैसे चारून ट्वीडने १८७० साली शहरासाठी नवी सनद मिळविली. शहराचा कारभार शहराकडे परत येतो म्हणून अनेक प्रतिष्ठित नागरिकांनीही तिला पाठिंबा दिला होता. तिच्यामुळे बिले मंजूर करण्याचा अधिकार कंपूच्याच हाती एकवटला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडतो. एवढी लूट चालू असताना करदाते गप्प का राहिले? कारण लुटीचा पैसा करांतून नव्हे, मुख्यतः कर्जरोख्यांतून येत होता. रस्ते रुंद होत, नळ टाकले जात, उपनगरांकडील जमिनीचे भाव चढत, आणि किंमत भावी पिढ्यांच्या नावे मांडली जात होती. गरिबाला रोजगार मिळत होता, जमीनमालकाला वाढीव भाव आणि सावकाराला व्याज. नोव्हेंबर १८७० मध्ये जॉन जेकब ॲस्टर (तिसरा) यांच्यासारख्या धनाढ्यांच्या समितीने कॉनोलीच्या वह्या तपासून त्या निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. लूट चोरांनी केली. तिला अब्रूदारांची सही मिळाली.

हा डोलारा कोसळला तो १८७१ साली. जानेवारीत काउंटीचा हिशेब तपासनीस अपघातात मरण पावला, त्याच्या खात्यातील नकला बाहेर पडल्या आणि जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या आकड्यांसह छापल्या. ‘हार्पर्स वीकली’तील थॉमस नास्टची व्यंगचित्रे निरक्षरांपर्यंतही पोहोचत होती. पण निर्णायक ठरले ते भांडवलदारांचे पाऊल. त्यांनी शहराचे नवे रोखे घेणे थांबविले आणि मग ४ सप्टेंबरला कूपर युनियनमध्ये श्रीमंत नागरिकांची सभा भरली. पत जाताच नीतीची आठवण झाली, असेच म्हणावे लागते.

ऑक्टोबरमध्ये ट्वीडला अटक झाली. तरी नोव्हेंबरमध्ये त्याच्या मतदारांनी त्याला पुन्हा राज्य सिनेटवर निवडून दिले! १८७३ साली तो दोषी ठरला. डिसेंबर १८७५ मध्ये कैदेतून घरी भेटीस नेले असता तो निसटला आणि क्यूबामार्गे स्पेनला पोहोचला. तेथे तो ओळखला गेला, तो नास्टच्या चित्रावरून. परत आणल्यावर सुटकेच्या आशेने त्याने सविस्तर कबुली दिली. सुटका मात्र झाली नाही. १२ एप्रिल १८७८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो लडलो स्ट्रीटच्या तुरुंगात मरण पावला.

मग न्यूयॉर्क सुधारले काय? नव्या कारभाऱ्यांनी सार्वजनिक कामांना कात्री लावली. १८७३ च्या अरिष्टानंतर बेकारांनी काम मागितले, तेव्हा जानेवारी १८७४ मध्ये टॉम्पकिन्स चौकात त्यांच्यावर पोलिसांच्या काठ्या चालल्या. १८७७ साली राज्याच्या एका आयोगाने शिफारस केली, की शहराच्या तिजोरीवर देखरेख करणारे मंडळ फक्त करदात्यांनी आणि ठरावीक भाडे भरणाऱ्यांनी निवडावे. म्हणजे पैसा खाल्ला ट्वीडने, वह्यांना निर्दोष ठरविले धनिकांनी आणि मत गमवावे ते गरिबाने! सुदैवाने ती घटनादुरुस्ती अमलात आली नाही. टॅमनीचा पाठिंबा असलेला उमेदवार १८७४ सालीच पुन्हा महापौरपदी निवडून आला होता आणि या संस्थेचा प्रभाव १९३० नंतरच्या दशकापर्यंत टिकला. माणूस गेला, पण ज्या गरजेवर तो पोसला होता ती तशीच राहिली.

ट्वीडला तुरुंगात घालणे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. ज्या शहरात गरिबाला हक्काने मिळायचे ते कृपेने मिळते, तेथे कृपा वाटणारा निर्माण होणारच. आणि भरभराटीच्या दिवसांत हिशेब विचारणे जेथे अप्रशस्त वाटते, तेथे तो आपली किंमत वसूल करणारच. ट्वीडच्या त्या न्यायालयाची इमारत पुढे दुरुस्त करून २००२ साली शहराच्या शिक्षण खात्याच्या हवाली करण्यात आली. शिकण्यासारखे तिच्या भिंतींपाशीच पुष्कळ आहे.