सुभेदार रामजीबाबा सकपाळ : एका पेन्शनर बापाची जीवनकहाणी

चौदा एप्रिल आम्हां सर्वांना पाठ आहे. सहा डिसेंबर तर काळजावरच कोरलेला आहे. पण दोन फेब्रुवारी आला आणि गेला, तरी आमच्यापैकी किती जणांच्या ध्यानात येतो? १९१३ साली याच दिवशी परळच्या चाळीत एका म्हाताऱ्या सुभेदाराने डोळे मिटले. बाबासाहेबांचे वडील म्हणून आम्ही त्यांना ओळखतो. एवढ्या एका ओळखीने त्यांचे उपकार फिटत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

रामजी मालोजी सकपाळ यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते. सासरे मुरबाडकर, तेही सुभेदार मेजर. म्हणजे घराणे पुरते लष्करी. गावात सावलीचा विटाळ, पण पलटणीत अंगावर सरकारी कोट आणि हातात पाटी. त्या काळी फौजेत शिपायांना आणि त्यांच्या पोराबाळांना शिकण्याची सोय होती. रामजीबाबांनी तिचे सोने केले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये तयार होऊन ते लष्करी शाळेत मास्तर झाले, पुढे हेडमास्तर झाले आणि सुभेदारपदापर्यंत चढले. आमच्या मते त्यांची खरी लढाई बंदुकीपेक्षा खडूनेच झाली.

महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी चौदावे अपत्य जन्मले, तेच भीमराव. चौदांपैकी जगले ते तीन मुलगे आणि दोन मुली : बळीराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. बाकीची माती आईबापांनी आपल्या हातांनी दिली. हे लिहायला सोपे आहे, सोसायला नाही.

याच सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या नोकरीने माणूसपण दिले तिचे दारच लागले. सुभेदार गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानडे यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे अर्ज करवला, पण सरकार हलले नाही. पहिल्या महायुद्धात थोडी भरती झाली, तीही पुढे थांबली. शेवटी १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. बापाने ठोठावलेले दार लेकाच्या काळात उघडले.

१८९४ च्या सुमारास सुभेदार पेन्शनीत निघाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. दापोलीहून बिऱ्हाड साताऱ्याला आले. तेथे १८९६ साली भीमाबाई गेल्या. अंगाने अधू असलेल्या मीराआत्याने पोरांना पोटाशी धरले. रामजीबाबा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार झाले. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या त्या पोरांना मसूर स्टेशनपासून काय भोगावे लागले, ते आपण सारे जाणतोच. सुभेदाराची मुले नव्या कपड्यांत होती, खिशात पैसे होते, पण जात कळताच पाण्याचा थेंब मिळेना. वडिलांना लिहिलेले पत्र नोकराच्या चुकीने त्यांच्या हातीच पडले नव्हते.

रामजीबाबांनी दुसरे लग्न केले, ते लहान भीमरावांच्या मनाला लागले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहणे त्यांना सहन होईना. हे आम्ही झाकून ठेवत नाही. थोरांची माणसेही आपल्यासारखीच माणसे असतात.

१९०४ च्या सुमारास बिऱ्हाड मुंबईला, परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. चूल तिथेच, सरपण तिथेच, शेळी तिथेच आणि अभ्यासही तिथेच. पोरगा लवकर झोपे आणि बाप जागत बसे. रात्री दोन वाजता बाप पोराला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. सगळ्यांना शिकवण्याइतकी ऐपत नव्हती. आनंदरावांना नोकरी धरावी लागली, भीमराव शिकले. त्या थोरल्या भावाचा त्यागही आमच्या समाजाने विसरू नये. भीमरावांना एखादे पुस्तक हवे झाले आणि हातात पैसा नसला, की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकीच्या दारी जात. तिच्याकडे रोकड नसली तर अंगावरचा दागिना मागून घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून आणत. ताठ मानेचा सुभेदार पुस्तकापायी लेकीपुढे हात पसरी!

रामजीबाबा कबीरपंथी. दारू-मांस वर्ज्य, घरात रोज भजन आणि रामायण-महाभारताचे वाचन. भीमरावांनी एकदा विचारले, आपल्याला कमी लेखणाऱ्यांचे हे ग्रंथ आपण का वाचायचे? वडिलांचे म्हणणे असे, की द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून मोठे झाले, हे वाचून पोरांच्या मनातला न्यूनगंड जावा. पोराला ते पटले नाही. वडील गप्प राहिले, कारण पोराच्या मनात बंड आहे हे त्यांनी ओळखले होते. आणि त्यांनी ते दाबले नाही. आम्हांला ही त्यांची मोठी देणगी वाटते. भीमराव परीक्षा पास झाले तेव्हा लोकांनी सत्कार ठरवला. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदारांनी साफ नकार दिला. दादा केळुसकरांनी समजूत घातली, सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. १९५६ च्या धम्मदीक्षेची वाट त्या पुस्तकापासून निघते.

बी. ए. होऊन जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. वडिलांच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत तार आली, वडील आजारी. परतताना भीमराव सुरतेला वडिलांसाठी बर्फी घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. घरी पोहोचले तेव्हा बापाचे प्राण कंठाशी आले होते. पोराच्या पाठीवरून एकदा हात फिरला आणि थांबला. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. बापाने ते पाहिले नाही.

आज आमच्या वस्त्यांत पेन्शनर पुष्कळ आहेत. पेन्शनीतून मजला चढतो, लग्नात मांडव मोठा होतो. रामजीबाबांनी पन्नास रुपयांत पुस्तके आणली. पहिल्या तारखेला पैसे हातात पडतील, तेव्हा एवढे आठवले तरी पुरे.

सुभेदार रामजीबाबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम!