कै. लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्याकडून सेवेकडे

दीक्षा एका दिवसात घेता येते. शिष्य व्हायला मात्र जन्म लागतो. नाशिकजवळच्या जलालपूर गावी १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचे चरित्र याचीच साक्ष देते.

माहेरी सोवळ्याचा कहर होता. बाजारातून आलेला जिन्नसही वडील धुऊन घेत. अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झाले. अक्षरओळखही त्यांना लग्नानंतरच झाली. टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि बाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून दुरावलेला. त्या दुःखाला तोड नव्हती.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी धर्म आपला सोडला नाही. चूल वेगळी, पाणी वेगळे. पती गेला त्या वाटेने निमूट जावे, हे त्यांना पटणारे नव्हते. मात्र मन विचार करू लागले होते. जातिभेद देवाने केला की माणसाने? माणसानेच, असा मनाने कौल दिला आणि त्यांनी शिवाशीव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली, स्वतःच्या निश्चयाने घेतला.

भगिनींनो, खरी कसोटी यापुढेच होती. टिळकांचा हात सढळ, घरात पैसा टिकत नसे. अनाथ मुले आणि पाहुणे यांचा राबता मात्र अखंड. आल्यागेल्याला बाई आपलेपणाने वाढीत. एके काळी ज्यांची सावली टाळली, त्यांची पोरे आता त्यांच्या पंक्तीला जेवू लागली. चिडणे, रुसणे, हसणे सारे होते. पण दार लागले नाही.

१९१९ साली टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य दहाएक अध्यायांवरच राहिले होते. उतारवयात, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३४ पासून भागाभागांनी निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःचा हट्ट आणि फजितीही मोकळेपणी सांगितली. १९३६ साली त्यांनी देह ठेवला.

धर्म कोणताही असो, आपली भक्ती वाढते आहे की नाही, हे पाहायचे झाले तर देवघराबरोबर आपल्या पंक्तीकडेही पाहावे. तिथे कोणाला जागा आहे आणि कोणाला अजून नाही, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःला विचारले होते. आपणही विचारावे.