न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : कंबाला हिलचा बंगला आणि बोरीबंदरची शाळा

मुंबईत भुलाभाई देसाई रोडवर, म्हणजे जुन्या वॉर्डन रोडवर, सोफिया महिला महाविद्यालय आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयातून मुलींच्या अनेक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. ज्या आवारात त्या शिकल्या, तेथे एके काळी एका मुस्लिम गृहस्थाचे राहते घर होते. घराचे नाव सॉमरसेट हाऊस आणि गृहस्थाचे नाव न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. तेथून काही मैलांवर, बोरीबंदर स्टेशनसमोर, अंजुमन-ए-इस्लामची घुमटांची देखणी इमारत उभी आहे. तिच्या उभारणीतही याच गृहस्थांचा मोठा वाटा होता. एक वास्तू त्यांच्या कुटुंबाची, दुसरी समाजाची. या दोन वास्तूंचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे त्यांच्या आयुष्याचे मोल आपल्या ध्यानात येते.

वडिलांची दूरदृष्टी

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंबायतचे, सुलेमानी बोहरा जमातीचे. वडील मुल्ला तय्यब अली हे गरिबीतून वर आलेले व्यापारी होते. त्या काळी मुंबईतल्या सधन मुस्लिम कुटुंबांत मुलगा हिशेब लिहू लागला, कुराणपठण झाले आणि पेढीवर बसला की त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानीत. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन सोडणे, अशी भीतीही होती. तय्यब अली स्वतः धर्मनिष्ठ होते. पण ती भीती त्यांनी मनाला शिवू दिली नाही. त्यांनी आपल्या मुलांना एकामागून एक विलायतेस पाठविले. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सनद मिळविणारे पहिले भारतीय सॉलिसिटर ठरले.

बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू व फारसी शिकले आणि नंतर एल्फिन्स्टन संस्थेत गेले. डोळ्यांचे दुखणे उद्भवले म्हणून उपचारासाठी त्यांना फ्रान्सला नेण्यात आले आणि तेथून १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी दाखल झाले. १८६३ साली त्यांनी मिडल टेंपलमध्ये कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. त्याच वर्षी वडील वारले. पुढच्या वर्षी डोळ्यांनी पुन्हा दगा दिला आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. येथेच थांबले असते तर कोणी नावे ठेवली नसती. घरचा व्यापार होता, १८६५ मध्ये राहत-उन-नफ्स यांच्याशी निकाहही झाला होता. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा बोटीत चढले आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊनच परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर. इंग्रज बॅरिस्टरांच्या मक्तेदारीत या तरुणाला पक्षकार कोठून मिळणार, अशी शंका अनेकांना होती. थोड्याच वर्षांत त्यांचे नाव मुंबईतल्या आघाडीच्या वकिलांत घेतले जाऊ लागले.

टेकडीवरचा बंगला

त्या वेळी मुंबई झपाट्याने बदलत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा ओतला गेला. तेजी कोसळली तेव्हा अनेक घराणी बुडाली. पण शहराची घडी बदलली ती बदललीच. जुन्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि धनिक मंडळी दाटीवाटीच्या पेठा सोडून मलबार हिल, कंबाला हिल, परळ, भायखळा येथे मोकळ्या जागी बंगले बांधू लागली. समुद्राचा वारा, ऐसपैस व्हरांडे, बाग, तबेला, नोकरांची वेगळी घरे असा त्या बंगल्यांचा थाट असे. पारशी, भाटिया, बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा सर्वच समाजांतल्या श्रीमंतांनी हा मार्ग धरला. उन्हाळ्यात माथेरान किंवा महाबळेश्वर ठरलेले असे. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून बांधली, ती १९०७ साली सुरू झाली. त्याआधी डोंगर चढायचा तो घोड्यावर, डोलीत किंवा पायी.

बद्रुद्दीन यांचे सॉमरसेट हाऊस हे अशाच बंगल्यांपैकी एक. समुद्राच्या बाजूस, टेकडीच्या उतारावर, प्रशस्त आवारात ते उभे होते. परंतु शेजारच्या वाड्यांपेक्षा या घराची रीत थोडी वेगळी होती. तय्यबजी घराण्यात एक चाल होती. घरात ‘अखबार’ नावाची मोठी वही ठेवलेली असे आणि तीत घरातील कोणीही लिहावे. कोणाच्या घरी मूल झाले, कोण प्रवासास गेले, कोणते पुस्तक वाचले, कोठे सहल काढली, सारे त्यात नोंदले जाई. पुरुषांबरोबर स्त्रिया लिहीत, मुले-मुलीही लिहीत. तय्यब अलींनी घरची बोलभाषा गुजरातीवरून उर्दूवर आणली होती, त्यामुळे या वह्यांतही पुढे उर्दूच चालली. मुलींना वाचायला शिकवावे, पण लेखणी हाती देऊ नये, असे मानणारी घरे त्या काळी थोडीथोडकी नव्हती. त्या काळात या घराण्यातल्या मुली सर्वांसमक्ष लिहीत होत्या आणि वडीलधारी माणसे ते वाचत होती.

बद्रुद्दीन यांनी आपल्या सर्व मुलींना मुंबईत शिक्षण दिले. १९०४ साली तर दोन मुलींना त्यांनी इंग्लंडमधील हॅझलमिअर येथील वसतिगृहाच्या शाळेत पाठविले. वडिलांनी मुलांसाठी जे केले, ते त्यांनी मुलींसाठीही केले. एका पिढीत घेतलेले हे पाऊल लहान नव्हते. पुढे या घराण्यातून न्यायाधीश, प्रशासक, लेखक आणि स्वातंत्र्यसैनिक निघाले. त्यांचे पुतणे आणि जावई अब्बास तय्यबजी हे १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पकडले गेले, तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते.

अंजुमनची शाळा

स्वतःच्या मुलांची सोय लागली की पुष्कळ श्रीमंतांचे समाधान होते. बद्रुद्दीन यांचे झाले नाही. मुंबईत मुस्लिम वस्ती मोठी, व्यापारात पैसाही होता. परंतु विद्यापीठाच्या परीक्षांच्या यादीत मुस्लिम नावे शोधावी लागत. १८७४ साली त्यांनी बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे आदी मंडळींच्या सहकार्याने अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. सुन्नी, बोहरा, खोजा, कोकणी, मेमन असे निरनिराळ्या जमातींचे लोक एका संस्थेत एकत्र आणणे हेच मुळात कठीण काम होते. पैसा जमविणे त्याहून कठीण. लग्नकार्यात आणि जेवणावळींत सढळ हाताने खर्च करणारी माणसे शाळेचे नाव काढताच हात आखडता घेत.

१८८० साली शाळा सुरू झाली. तिच्यात धर्मशिक्षण आणि उर्दू होतेच. त्याचबरोबर इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल हे विषय होते. मुलाला दीन आणि दुनिया दोन्ही मिळावीत, हा हेतू. विद्यार्थी वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. सरकारकडून बोरीबंदरसमोरची मोक्याची जागा मिळविण्यात आली, १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. वास्तुकार होते जेम्स विलकॉक्स. आधी चिटणीस म्हणून आणि १८९० पासून अखेरपर्यंत अध्यक्ष म्हणून बद्रुद्दीन यांनी ही संस्था सांभाळली. कोर्ट, नगरपालिका, विद्यापीठाची सिनेट, कायदेमंडळ हे सारे व्याप सांभाळून त्यांनी अंजुमनला दिलेली वर्षे बत्तीस भरतात. देणगी एकदा देता येते. बत्तीस वर्षे वेळ देणे ही गोष्ट फार थोड्यांना जमते.

न्यायासनावर आणि सभामंचावर

सार्वजनिक जीवनात फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी या त्रयीचे नाव मुंबईत एकत्र घेतले जाई. १८८५ साली या तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. १८८७ च्या डिसेंबरात मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. अलीगडचे सर सय्यद अहमद खान यांचा मुस्लिमांनी काँग्रेसमध्ये जाण्यास विरोध होता. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद राहिले. पण तालीम ही कौमची पहिली गरज आहे, याविषयी दोघांचे एकमत होते.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. या पदावर बसणारे ते पहिले मुस्लिम. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टानेही एकदा नाकारला. खटला सेशन्सकडे गेल्यावर पुन्हा अर्ज झाला तो न्यायमूर्ती तय्यबजींपुढे, आणि त्यांनी टिळकांना जामिनावर सोडले. सरकारचा रोष आणि शहरातील तणाव ध्यानात घेता हा हुकूम सोपा नव्हता. १९०२ मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

१९०३ साली मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन मुंबईस भरले आणि बद्रुद्दीन त्याचे अध्यक्ष झाले. तेथे त्यांनी पडद्याच्या प्रश्नाला हात घातला. आपल्याकडे पाळला जाणारा कडक पडदा शरियतने सांगितलेल्या मर्यादेच्या पलीकडचा आहे आणि तो मुलींच्या शिक्षणाआड येतो, असे त्यांचे मत होते. हे अनेकांना रुचले नाही. आपल्याच लोकांचा रोष पत्करणे हे इंग्रज सरकारचा रोष पत्करण्याइतकेच जड असते. परंतु जे स्वतःच्या घरात आचरले तेच त्यांनी सभेत सांगितले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या दोन मुली विलायतेच्या शाळेत गेल्या.

१९०६ च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट वर्षांचे होते.

बंगला गेला, शाळा राहिली

सॉमरसेट हाऊस पुढे तय्यबजी कुटुंबाकडे राहिले नाही. ते संस्थानिकांच्या हाती गेले आणि अखेरीस सेक्रेड हार्टच्या धर्मभगिनींनी तेथे मुलींचे महाविद्यालय आणले. बद्रुद्दीन यांनी ती वास्तू शिक्षणासाठी दान दिली नव्हती; खरेदी-विक्रीच्या ओघात ती तेथवर पोचली. तरीही, ज्या घरात मुलींच्या हाती लेखणी दिली गेली त्याच जागी मुलींचे कॉलेज व्हावे, ही गोष्ट मनाला समाधान देते.

त्या काळच्या इतर वाड्यांची हकीकत फारशी वेगळी नाही. मलबार हिलचा पेटिट हॉल गेला आणि तेथे उंच इमारती आल्या. माथेरानचे कित्येक बंगले हस्तांतरित झाले, काही हॉटेले बनली. वारस वाढतात, वाटण्या होतात, डागडुजीचा खर्च झेपेनासा होतो आणि एक दिवस फाटकावरील नाव बदलते. शिक्षणासाठी दिलेल्या धनाचे मात्र तसे होत नाही. सर मोहम्मद यूसुफ यांनी दिलेल्या आठ लाख रुपयांतून जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल यूसुफ कॉलेज उभे राहिले, ते १९३० साली सुरू झाले आणि त्यांच्या वडिलांचे नाव आजही तेथे आहे. बोरीबंदरची अंजुमन तर एका शाळेवरून वाढत वाढत तंत्रशिक्षण, अध्यापन, व्यवस्थापन आणि मुलींच्या शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोचली. भायखळ्याच्या मुलींच्या हायस्कुलाला बद्रुद्दीन यांचे नातू सैफ तय्यबजी यांचे नाव आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांजवळ टेकडीवरचा बंगला आहे. पण गावाकडे घर बांधताना, आखाती देशांतून आलेला पैसा खर्च करताना, मुलामुलीच्या लग्नाचा मंडप ठरविताना प्रत्येक बापापुढे आणि आईपुढे तोच प्रश्न येतो, जो तय्यब अलींपुढे होता : पैसा कोठे घालावयाचा? त्यांनी तो मुलांच्या शिक्षणात घातला. त्यांच्या मुलाने मुलींच्याही शिक्षणात घातला आणि शेजाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उभारली.

विद्यार्थी मित्रांनीही या चरित्रातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळे अधू झाल्यामुळे बद्रुद्दीन यांना भर अभ्यासातून घरी यावे लागले होते, आणि ते पुन्हा गेले. परीक्षेत अपयश आले, आजारपणात वर्ष वाया गेले, घरची अडचण आली, तर शाळेचे दार कायमचे बंद झाले असे मानू नका. आणि पालकांना विनंती एवढीच की, दहावी झालेल्या मुलीचे पुढे काय करावयाचे याचा घरात विचार चालू असेल, तर निर्णयाआधी एकदा त्या मुलीलाही विचारावे.