खिशात कोणती, कमरेला कोणती अन् खोगिराला कोणती? रिव्हॉल्व्हरचं हे गणित सॅम्युअल कोल्टने मांडलं होतं

शोलेमधला तो सीन आठवा. सहा गोळ्या आणि समोर माणसं तीन. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो, रिव्हॉल्व्हरचं चक्र गरागरा फिरवतो आणि तिघांच्या जिवाचा फैसला त्या चक्रावर सोडून देतो.

हे फिरणारं चक्र ज्याच्या नावाने जगभर गाजलं तो माणूस तरुणपणी आपल्या कलकत्त्याला येऊन गेला होता. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, शाळेतून हाकललेला होता आणि जहाजावर खलाशाची कामं करत होता.

त्याचं नाव सॅम्युअल कोल्ट.

रिव्हॉल्व्हरचा शोध लावणारा माणूस म्हणून कोल्टचं नाव सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. खरी गंमत दुसरीकडेच आहे. शहरात फिरणारा व्यापारी, घोड्यावरचा शिपाई आणि खाणीवर निघालेला गडी या तिघांना एकच रिव्हॉल्व्हर चालणार नाही, हे त्याने ओळखलं आणि तिघांसाठी तीन वेगळ्या बनवून विकल्या. पण तिथवर पोचायला त्याला एकदा पार बुडावं लागलं.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आई लहानपणीच क्षयाने गेली. वडिलांचा धंदा बसला आणि अकराव्या वर्षी पोराला एका शेतावर कामाला ठेवलं. पुढे वडिलांच्या कापड कारखान्यात आला. तिथे रसायनं आणि हत्यारं हाताशी होती, मग काय विचारता. ४ जुलै १८२९ ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पठ्ठ्याने गावच्या तळ्यात तराफा उडवून दाखवला आणि बघायला आलेले लोक चिखलपाण्याने भिजले. पुढच्या वर्षी शाळेत असेच फटाके उडवले, आग लागली आणि शाळा सुटली ती कायमची.

वडिलांनी सरळ जहाजावर पाठवून दिलं. १८३० साली बोस्टनहून निघालेल्या कोर्व्हो नावाच्या जहाजाचा मुक्काम होता कलकत्ता.

या प्रवासात कोल्टने लाकडाचा एक छोटा नमुना कोरला. जहाजाचं चाक फिरतं आणि ठरावीक जागी अडकवता येतं, त्यावरून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. काही अभ्यासकांना वेगळीच शंका आहे. एलिशा कोलियर नावाच्या माणसाने १८१८ मध्येच इंग्लंडमध्ये फिरत्या चक्राच्या बंदुकीचं पेटंट घेतलं होतं. तसली हत्यारं कोल्टने भारतात इंग्रजांकडे पाहिली असावीत असं त्यांचं म्हणणं. काहीही असो, कोलियरचं चक्र हाताने फिरवावं लागायचं. कोल्टने केलं ते असं की अंगठ्याने घोडा मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे सरकणार आणि नळीसमोर येऊन घट्ट अडकणार. मग चाप ओढला की बार.

परत आल्यावर नमुने बनवायला पैसे कुठून आणायचे? तर कोल्टने एक हातगाडी घेतली आणि गावोगाव लाफिंग गॅसचे खेळ सुरू केले. स्वतःला न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा, आडनावाचं स्पेलिंगही जरा बदललेलं. लोक पैसे देऊन गॅस हुंगायचे, नाचायचे, हसायचे, आणि तो पैसा बाल्टिमोरच्या जॉन पिअर्सन नावाच्या बंदूक कारागिराकडे जायचा. मार्केटिंगचं पहिलं शिक्षण त्याला इथेच मिळालं असं म्हणायला हरकत नाही.

१८३५ मध्ये इंग्लंडचं आणि २५ फेब्रुवारी १८३६ ला अमेरिकेचं पेटंट मिळालं. न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावात कारखाना उभा राहिला. खिशातली, कमरेची आणि खोगिराची असे तीन आकार इथूनच सुरू झाले होते. पण पाच बारांची ही रिव्हॉल्व्हर महाग होती आणि नाजूकही. तोवर सैन्याला एकबारी ठासणीच्या बंदुकांची सवय, नवीन यंत्र कोण घेणार? १८४२ मध्ये कंपनी बंद पडली. त्याच वर्षी त्याचा भाऊ जॉन, जो एका खुनासाठी दोषी ठरला होता, फाशीच्या दिवशीच कोठडीत मेला. कोल्ट मग पाण्याखालचे सुरुंग आणि तारायंत्राच्या केबली यांच्या मागे लागला. रिव्हॉल्व्हरचा विषय संपला असंच सगळ्यांना वाटलं.

पण टेक्सासमध्ये तो संपला नव्हता.

तिथल्या आरमारासाठी घेतलेल्या पॅटरसन रिव्हॉल्व्हर्स फिरत फिरत टेक्सास रेंजर्सच्या हातात गेल्या होत्या. मैदानी मुलुखातल्या कोमांची योद्ध्यांशी लढताना रेंजर्सची अडचण साधी होती. एक बार उडवून पुन्हा ठासेपर्यंत घोड्यावरचा कोमांची कितीतरी बाण सोडायचा. जून १८४४ मध्ये वॉकर्स क्रीकला पंधरा-एक रेंजर्सनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कोमांचींना या रिव्हॉल्व्हर्सच्या जोरावर पळवलं. रेंजर्सच्या बाजूने ही शौर्यगाथा आहे. कोमांचींच्या बाजूने पाहिलं तर स्वतःच्या मुलुखात टिकून राहायचा जो एक फायदा होता तोही गेला.

या लढाईत भाल्याने जखमी झालेला सॅम्युअल वॉकर १८४६ च्या शेवटी कोल्टला भेटला. मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं होतं. वॉकरला हवी होती सहा बारांची आणि माणसालाच नाही तर घोड्यालाही आडवं करेल अशी रिव्हॉल्व्हर. सरकारची ऑर्डर होती एक हजारांची आणि कोल्टकडे कारखानाच नव्हता. त्याने दुसऱ्याच्या, एली व्हिटनी ज्युनियरच्या कारखान्यात माल बनवून घेतला.

ही वॉकर रिव्हॉल्व्हर म्हणजे प्रकरण होतं. नळी नऊ इंच, कॅलिबर पॉइंट ४४ आणि वजन दोन किलोच्या वर. म्हणजे साखरेच्या दोन पिशव्या एका हातात धरून नेम धरायचा. कमरेला लावून चालणं अशक्यच, म्हणून ती खोगिराच्या दोन्ही बाजूंना जोडीने लटकवायची. दारू इतकी मावायची की कधीकधी चक्रच फुटायचं. वॉकर स्वतः १८४७ मध्ये मेक्सिकोत मारला गेला, पण कोल्टचा धंदा परत उभा राहिला तो त्याच्यामुळेच.

इथून पुढे कोल्टचं खरं डोकं दिसतं.

वॉकरची जरा आटोपशीर आवृत्ती म्हणून १८४८ ला ड्रॅगून आली. नळी साडेसात इंचांवर आणली, तरी वजन १.९ किलोच्या आसपास. घोडा असेल तरच हिचा उपयोग. पण घोडा नसणाऱ्यांचं काय? नेमकं तेव्हाच कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि हजारो माणसं तिकडे धावली. कारकून, दुकानदार, शिकलेली पोरं. त्यांना युद्ध करायचं नव्हतं. प्रवासात आणि तंबूत स्वतःचा पैसा आणि जीव सांभाळायचा होता. त्यांच्यासाठी १८४९ ची पॉकेट आली. कॅलिबर पॉइंट ३१, नळी तीन ते सहा इंच, वजन पाऊण किलोच्या आसपास. ताकद कमी, पण कोटाच्या खिशात जायची. कोल्टच्या हयातीतल्या मॉडेल्समध्ये सगळ्यात जास्त खपली ती हीच, तीन लाखांच्या वर. सिनेमात मात्र ती फारशी दिसत नाही.

आणि या दोन टोकांच्या मधली १८५१ ची नेव्ही. कॅलिबर पॉइंट ३६, नळी साडेसात इंच, वजन १.२ किलो. कमरपट्ट्यात दिवसभर राहील इतकी हलकी आणि लांबवर नेम लागेल इतकी तोलदार. नाव नेव्ही असलं तरी ती जमिनीवरच जास्त वापरली गेली. वाइल्ड बिल हिकॉक नावाचा प्रसिद्ध गडी हस्तिदंती मुठीच्या दोन नेव्ही कमरेला बाळगायचा, आणि बाजारात पॉइंट ४४ च्या रिव्हॉल्व्हर्स असूनही त्याने त्या वर्षानुवर्षं सोडल्या नाहीत.

कोल्टची हुशारी बघा. प्रत्येक चक्रावर त्याने एक चित्र उठवलं होतं. पॉकेटवर टपालगाडी लुटायला आलेले दरोडेखोर. नेव्हीवर टेक्सासच्या आरमाराची लढाई. ड्रॅगूनवर रेंजर्स आणि कोमांची. म्हणजे दुकानात हातात घेतली की गिऱ्हाइकाला कळावं, ही वस्तू कशासाठी आहे.

आता तुम्ही म्हणाल, मोठीच का घेत नसतील सगळे? कारण रोज बाळगायची कटकट. ही पितळी काडतुसांची रिव्हॉल्व्हर नव्हती. प्रत्येक घरात दारू ओतायची, वर शिशाची गोळी दट्ट्याने ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. असं पाच-सहा वेळा. दारू दमट झाली की बार उडायचा नाही. गोळीवर चरबी नीट लावली नाही तर एका बाराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊन सगळेच बार एकदम उडायची भीती. आणि घोड्याखाली भरलेलं घर ठेवून चाललात आणि रिव्हॉल्व्हर पडली, तर गोळी स्वतःच्याच पायात. म्हणून जाणते लोक एक घर रिकामं ठेवायचे. सहाची रिव्हॉल्व्हर घ्यायची आणि पाचच भरायच्या. शिवाय जड वस्तू माणूस घरी ठेवून जातो, आणि गरज लागते तेव्हा ती जवळ नसते.

हलक्या गोळीचा प्रश्न भारतातही निघाला. कोल्टने १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात स्टॉल लावला होता आणि १८५३ मध्ये लंडनला कारखानाही काढला. तिथे त्याची गाठ पडली रॉबर्ट ॲडम्सशी. ॲडम्सच्या रिव्हॉल्व्हरला अंगठ्याने घोडा ओढावा लागत नव्हता. चाप ओढला की काम झालं, आणि गोळीही मोठी. कोल्ट लांबून नेमकी, ॲडम्स हातघाईत सरस. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकारी शिपायांशी हातघाईवर आले तेव्हा हा वाद जिवाशी आला. नेव्हीच्या गोळ्या लागूनही समोरचा थांबला नाही अशा गोष्टी त्यांच्यात पुढे बरीच वर्षं फिरत होत्या. लंडनचा कारखाना तर त्याआधीच गुंडाळला गेला होता.

हार्टफर्डला मात्र जोरात चाललं होतं. एलिशा रूट या कारखाना प्रमुखाने जवळपास प्रत्येक भागासाठी वेगळं यंत्र बसवलं. सुटे भाग कुठल्याही रिव्हॉल्व्हरला बसतात असा कोल्टचा दावा असायचा, प्रत्यक्षात थोडी कानस मारावीच लागायची. नदीच्या पुराची जमीन स्वस्तात घेऊन त्याने बांध घातला, बांध धरून ठेवायला वाळुंजाची झाडं लावली आणि त्या झाडांच्या फांद्यांपासून फर्निचर विकलं! १८५५ च्या कारखान्यावर निळा घुमट, त्यावर सोनेरी तारे आणि टोकाला शिंगरू. इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरू, म्हणून.

पण एक गाडी त्याची चुकली. रोलिन व्हाइट याने १८५५ मध्ये आरपार भोक असलेल्या चक्राचं पेटंट घेतलं. मागून तयार काडतूस सरकवलं की झालं, ठासायची भानगडच नाही. हे हक्क गेले स्मिथ अँड वेसनकडे, आणि १८६९ पर्यंत कोल्ट कंपनीला हात चोळत बसावं लागलं.

यादवी युद्धाआधी कोल्टने उत्तर आणि दक्षिण दोघांनाही हत्यारं विकली. दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तरी त्याचा माल तिकडे जातच होता. वृत्तपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवलं, त्याने पुढे उत्तरेच्या सैन्याला माल देऊन बाजू सावरली. गुलामगिरी टिकवायला निघालेल्यांना हत्यारं देताना त्याला काही वाटलं असेल असं त्याच्या वागण्यातून तरी दिसत नाही. उत्तरेकडे गेली ती १८६० ची आर्मी. गोळी ड्रॅगूनच्या पॉइंट ४४ ची आणि वजन नेव्हीइतकंच, कारण पोलाद सुधारलं होतं. खोगिरावरची ताकद शेवटी कमरेवर आली होती.

१० जानेवारी १८६२ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी कोल्ट गेला. मागे दीड कोटी डॉलर्सच्या आसपास मालमत्ता होती. दोन वर्षांनी कारखाना जळाला, त्याची बायको एलिझाबेथ हिने तो पुन्हा बांधला आणि १९०१ पर्यंत कंपनी कुटुंबाकडे ठेवली.

काऊबॉय सिनेमांत दिसते ती कोल्ट आली १८७३ मध्ये, तो गेल्यावर अकरा वर्षांनी. तिच्यातही नळ्या तीन मापांच्या होत्या: घोडदळासाठी साडेसात इंच, तोफखान्याच्या नावाने ओळखली जाणारी साडेपाच आणि कमरेवरून झटकन काढायला पावणेपाच.